चालकाची झोप आणि आपला हिशेब

(मंडळाच्या मासिक सभेत सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



रस्ता-सुरक्षेवर बोलायला बँकेतला कारकून का बोलावला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. आम्हालाही पडला होता. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, दिवसभर व्हाउचर आणि लेजर यांत डोके घालून बसणारे. ट्रक चालवणे तर दूरच, कार चालवतानाही सौ. शेजारी बसून "हळू, हळू" म्हणत असते. पण आमच्या टेबलावरून वाहनकर्जाच्या फाइली जातात, गेली वीस वर्षे जात आहेत. इंदूरच्या देवास नाक्यावर जे ट्रक उभे दिसतात, शाळांच्या ज्या पिवळ्या गाड्या सकाळी आपल्या दारात हॉर्न वाजवतात, ज्या टेम्पो ट्रॅव्हलरमधून आपण शिर्डीला आणि पंढरपूरला जातो, त्यांतल्या बहुतेक गाड्यांची सुरुवात कुठल्यातरी बँकेच्या टेबलावर होते. तेव्हा गाडीचे चाक आम्हाला कळत नसले, तरी ते कशाच्या जोरावर फिरते हे थोडेफार कळते.

एका फाइलपासून सुरुवात करतो. नावे सांगणार नाही, कारण माणसे आपल्यातलीच आहेत.

साधारण दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एक गृहस्थ, तीन पिढ्यांचे इंदूरकर, चांगल्या घरचे, दोन ट्रक बाळगून होते. तिसऱ्यासाठी कर्ज मागायला आले. कर्जाच्या अर्जाबरोबर उत्पन्न-खर्चाचे अंदाजपत्रक लागते. ते त्यांना जमेना, म्हणून आम्ही ओळखीखातर भरून द्यायला बसलो. डिझेल, टायर, टोल, विमा, परमिट, दोन चालकांचा पगार, क्लीनर, असे सगळे मांडले. बेरीज केली तर हप्ता बसेना. महिन्याकाठी थोडी रक्कम कमी पडत होती. आम्ही त्या कागदावर पेन्सिल फिरवली आणि विचारले, "साहेब, लांबच्या फेरीला दोन चालक लागतातच का?" ते म्हणाले, "एकावरही भागते." आम्ही दुसऱ्या चालकाचा पगार खोडला. हप्ता बसला. कर्ज मंजूर झाले.

सव्वा वर्षाने तो ट्रक मुंबईहून परतताना सेंधव्याच्या अलीकडे, पहाटे पाचच्या सुमारास, रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या दुसऱ्या ट्रकवर मागून आदळला. ब्रेक लावल्याची खूण रस्त्यावर नव्हती. चालक जागीच गेला. निमाडातला मुलगा होता, तिशीही झालेली नव्हती. त्याची ती सलग तिसरी रात्र होती असे नंतर कळले. विमा कंपनीचे पैसे आले, कर्जखाते पूर्ण भरले गेले, आम्ही स्वतः "खाते बंद" असा शिक्का मारला. आमच्या कागदोपत्री त्या प्रकरणात काहीच चुकले नव्हते. चालकाचे नाव लिहायला त्या फाइलमध्ये रकानाच नव्हता.

तो खोडलेला आकडा आमच्या हातचा होता. म्हणून आज इथे उभे आहोत.

आता थोडे आकडे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे गेली. भागाकार केला तर दिवसाला चारशे साठहून अधिक, म्हणजे तासाला एकोणीस. आपली ही सभा दोन तास चालेल, तेवढ्यात अडतीस. अपघातांच्या संख्येत त्या वर्षी तमिळनाडूच्या खालोखाल आपल्या मध्य प्रदेशाचा दुसरा क्रमांक होता, आणि आपल्या राज्यात १३,४२७ माणसे मृत्युमुखी पडली. एखाद्या साथीने इतकी माणसे गेली असती तर विधानसभा डोक्यावर घेतली असती. रस्त्यावर एकेक, दोनदोन करून जातात, म्हणून कोणी बोलत नाही.

आणि हे दूरचे नाही. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला निघालेली महाराष्ट्र एस.टी.ची बस खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली. किमान बारा जण गेले. त्या गाडीने आपल्यापैकी कितीतरी जण खानदेशात माहेरी, सासरी, लग्नकार्याला गेलेले आहेत. त्याआधी ५ जानेवारी २०१८ रोजी आपल्याच बायपासवर शाळेची बस दुभाजक ओलांडून पलीकडच्या ट्रकवर आदळली. चार मुले आणि चालक गेले. १५ सप्टेंबर २०२५ च्या संध्याकाळी अवजड वाहनांना बंदी असलेल्या वेळेत एक ट्रक विमानतळ रस्त्यावर शिरला आणि गर्दीतून माणसांना चिरडत गेला. चालक नशेत होता असे पोलिसांनी सांगितले. आपल्या घरांतल्या सकाळ-संध्याकाळच्या वाटा याच आहेत.

"पण आमच्याकडे ट्रक नाहीत, आम्ही काय करणार?" असे कोणी म्हणेल. मंडळी, जरा घरोघर मोजा. कोणाची शाळेची व्हॅन आहे, कोणाच्या केटरिंगच्या दोन छोट्या गाड्या आहेत, कोणाचे ट्रॅव्हल्सचे काम आहे, कोणाचा माल पिथमपूरहून भाड्याच्या ट्रकने जातो. ज्याच्याकडे दोन गाड्या आणि दोन पगारी चालक आहेत, त्याच्याकडे ताफा आहे. शंभर गाड्यांची गरज नाही. आणि ज्याच्याकडे एकही नाही, तो निदान अशा गाडीत बसतो किंवा आपले मूल बसवतो. तेव्हा या विषयातून आपल्यापैकी कोणीच सुटत नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे ते क्रमाने सांगतो. हे आम्ही पुस्तकातून कमी आणि गॅरेजवाले, विम्याचे सर्वेक्षक आणि जुने चालक यांच्याकडून जास्त शिकलो.

पहिली गोष्ट झोप. ताशी साठच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. चालकाला तीन सेकंदांची डुलकी लागली तर गाडी पन्नास मीटर चालकाविना धावते. तेवढ्यात वळण येते, उभा ट्रक येतो, बैलगाडी येते. माणसाच्या शरीराला पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतर दोन ते चार या वेळांत झोप येतेच. चहा, तंबाखू, मोठ्याने लावलेली गाणी यांनी ती पुढे ढकलली जाते, जात नाही. झोपेवर औषध एकच, आणि ते झोप हेच आहे. म्हणून मालकाने फेरी ठरवतानाच नियम घालावा: सलग चार-साडेचार तासांनंतर गाडी थांबणार, अर्धा तास चालक खाली उतरणार, रात्रभर गाडी चालली तर दिवसा तो पुरता झोपणार, मुंबईसारख्या लांबच्या फेरीला दोन चालक जाणार. आणि क्लीनरला चालक समजायचे नाही. परवाना नसलेल्या पोराच्या हाती पहाटे स्टिअरिंग देऊन चालक झोपतो, हे मालकाला माहीत असते. तो फक्त विचारत नाही.

दुसरी गोष्ट वेग. यावर आमच्यासारख्या हिशेबी माणसाने बोलावे असाच हा विषय आहे. शंभर किलोमीटरचे अंतर ताशी साठने शंभर मिनिटांत कापले जाते, ताशी ऐंशीने पंचाहत्तर मिनिटांत. वाचली पंचवीस मिनिटे, तीही रस्ता अगदी मोकळा असेल तर. पण आदळण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. साठवरून ऐंशीवर गेलो की तो जवळजवळ पावणेदोन पट होतो. म्हणजे पाव वेळ वाचवण्यासाठी पाऊण पट जादा धोका. असा व्यवहार बँकेत कोणी आणला तर आम्ही त्याला परत पाठवू. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे मालवाहू गाड्यांना चौपदरी रस्त्यावर ताशी ऐंशी आणि शहरात व साध्या रस्त्यावर साठ ही मर्यादा आहे. ती जास्तीत जास्त आहे, रोजचे लक्ष्य नाही. गाडीतले वेगनियंत्रक यंत्र म्हणजे स्पीड गव्हर्नर. मेकॅनिककडून त्याची तार सोडवून घेणारे मालक आम्ही पाहिले आहेत. शाळेच्या गाडीत असे करणाऱ्याला काय म्हणावे, ते तुम्हीच ठरवा.

तिसरी गोष्ट घाट. इंदूरहून मुंबईकडे जाताना मानपूर सोडले की माळव्याचे पठार संपते आणि रस्ता निमाडात उतरतो. धार जिल्ह्यातला काकडदा-धामनोदजवळचा गणपती घाट आपल्या सगळ्यांना वर्तमानपत्रातून पाठ आहे. राऊ-खलघाट रस्ता चौपदरी झाल्यापासून तिथे ब्रेक निकामी होऊन किती गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि किती पेटल्या याची गणती आपण सोडून दिली होती. लोकांनी वर्षानुवर्षे ओरड केली तेव्हा कुठे २०२४ च्या अखेरीस तो उतार टाळणारा सुमारे नऊ किलोमीटरचा नवा रस्ता खुला झाला. पुढे सेंधव्यानंतर महाराष्ट्राच्या सीमेवर बिजासन घाट आहेच.

"ब्रेक फेल झाले" असे आपण सहज म्हणतो. ब्रेक बहुधा आपोआप फेल होत नाहीत, ते करवले जातात. उतारावर चालक डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतो, कोणी तर इंजिनच बंद करतो. मग वीस-पंचवीस टनांचे ओझे केवळ ब्रेकच्या लायनिंगवर येते. सतत दाबून ड्रम तापतात, लायनिंगची पकड सुटते, आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. एअर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद केले की हवा भरली जात नाही, प्रत्येक दाबासरशी टाकीतली हवा कमी होत जाते, स्टिअरिंगही जड होते. जुन्या चालकांचा नियम सोपा आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडीला मागे ओढून धरते, ब्रेक अडीअडचणीसाठी थंड राहतो. घाटमाथ्यावर गाडी उभी करून हवेचा काटा पाहायचा, चाकांना हात लावून तापली आहेत का ते बघायचे, मग उतरायचे. पाच मिनिटांचे काम आहे. आणि आजच्या इंजिनांत गिअरमध्ये असताना पाय काढला की डिझेलचा पुरवठा जवळपास थांबतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतेच. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव धोक्यात घातला, ती बचतही होत नाही.

चौथी गोष्ट ओझे. जादा माल म्हणजे जादा भाडे, हे खरे. पण ब्रेक, टायर, स्प्रिंग हे ठरावीक वजनासाठी बनवलेले असतात. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने जादा वजनाला वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी दोन हजार ठरवले. तरी नाक्यावर हात ओले करून गाड्या जातात, हे आपण जाणतो. दंड चुकतो, उतार चुकत नाही. शाळेच्या व्हॅनलाही हेच लागू आहे, सात मुलांच्या गाडीत चौदा दप्तरे आणि चौदा मुले कोंबली जातात, आणि आपणच म्हणतो, "असू द्या, फी कमी आहे."

पाचवी गोष्ट टायर आणि दिवे. मे महिन्यात निमाडातला रस्ता तव्यासारखा तापतो. टायरमध्ये हवा कमी असेल तर तो जास्त वाकतो, आणखी तापतो आणि फुटतो. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. रिमोल्ड केलेला टायर पुढच्या चाकांना कधीही लावू नये. पुढचा टायर फुटला की गाडी हातात राहत नाही. रात्री मागून आदळण्याचे अपघात तर निव्वळ हलगर्जीचे. मागचे दिवे बंद, चमकणारी पट्टी चिखलाने झाकलेली, आणि गाडी बंद पडली की मागे चार दगड ठेवलेले. ते दगडही गाडी निघून गेल्यावर रस्त्यातच राहतात आणि पुढच्या मोटरसायकलवाल्याचा बळी घेतात. मागे लाल आणि पुढे पांढरी परावर्तक पट्टी, गाडीत लाल त्रिकोण, आणि गाडी शक्य तितकी रस्त्याच्या बाहेर. एवढेच हवे. आमच्या त्या फाइलमधल्या चालकाला झोप लागली हे खरे. पण समोरच्या उभ्या ट्रकच्या मागे एक त्रिकोण आणि एक पेटलेला दिवा असता, तर कदाचित तो शेवटच्या क्षणी जागा झाला असता.

सहावी गोष्ट नशा आणि मोबाइल. कायद्याने रक्तात शंभर मिलिलिटरला तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू चालत नाही. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आपला नियम त्याहून सोपा असावा: चाकावर बसायचे तर थेंबही नाही. मोबाइलचे मात्र अर्धे पाप मालकाचे आहे. "कुठे पोहोचलास?" म्हणून दर तासाला फोन कोण करतो? आपणच. गाडी चालू असताना मालकाने फोन करायचा नाही, हा नियम आधी मालकाने पाळावा. गाडी कुठे आहे हे हवेच असेल तर जीपीएसचे यंत्र बसवावे. आणि ते चालकावर पाळत ठेवण्यासाठी नव्हे, तर तो किती तास चालवतो आहे हे पाहून त्याला थांबवण्यासाठी वापरावे.

सातवी गोष्ट कागदपत्रे आणि डोळे. व्यावसायिक गाडीचा परवाना आता पाच वर्षांनी नूतन होतो. मधल्या पाच वर्षांत चाळिशीच्या चालकाला चष्मा लागलेला असतो, त्याला कळतही नाही. वर्षातून एकदा मालकाने डोळे तपासून घ्यावेत, चष्म्याचे पैसे द्यावेत. साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे छोट्या गाडीवाल्यांची एक चिंता मिटली. पण मोठ्या गाडीला अवजड वाहनाचाच परवाना लागतो. तो नसताना अपघात झाला तर २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यातल्या निकालाप्रमाणे विमा कंपनी जखमींना भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते. घर विकावे लागते, मंडळी. परवान्याची झेरॉक्स फाइलला लावण्यापूर्वी तो खरा आहे का, हे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहायला दोन मिनिटे लागतात.

आता आमच्या मूळ धंद्याकडे, हिशेबाकडे, येतो. कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण दुसऱ्या चालकाचा पगार परवडत नाही. आम्हीच एकदा तसे म्हटले होते, म्हणून उत्तरही आम्हीच देतो. अपघात झाला की गाडी महिना-दोन महिने उभी राहते, हप्ता मात्र उभा राहत नाही. विम्याचा "नो क्लेम बोनस" जातो. मालाची भरपाई, क्रेन, कोर्टाच्या तारखा, पोलिस ठाण्याच्या चकरा, गिऱ्हाईक दुसरीकडे जाणे, हे कुठल्याही अंदाजपत्रकात आम्ही लिहिलेले पाहिले नाही. पगार हा दिसणारा खर्च म्हणून आपण तो आधी खोडतो, आणि न दिसणारा खर्च शून्य धरतो. कच्चा हिशेब म्हणतात तो हाच. ज्या गाडीचा हप्ता चालकाची झोप कापूनच भरता येतो, ती गाडी आपल्याला परवडत नाही. ती घेऊ नये. बँकवाल्यांनीही त्यासाठी कर्ज देऊ नये. आम्ही आता अंदाजपत्रकात दुसऱ्या चालकाचा पगार नसेल तर विचारतो, "रात्री गाडी कोण चालवणार?" वरिष्ठांना ते नेहमी आवडते असे नाही.

शिवाय चालकाच्या घराचे काय? प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचे अपघाती विमाकवच देते. वीस रुपये! प्रत्येक मालकाने आपल्या प्रत्येक चालकाचे आणि क्लीनरचे बँक खाते उघडून हा अर्ज भरून घ्यावा, वारसाचे नाव लिहून घ्यावे. आम्ही सांगतो तो फॉर्म एका पानाचा आहे, आणि मंडळाने सांगितले तर आम्ही रविवारी इथे बसून भरून देऊ.

आता सरकारकडे काय मागायचे ते. आपले मंडळ कुठल्या पक्षाचे नाही, पण मते आपणही देतो, आणि निवडणुकीत हात जोडत आपल्या दारात सगळेच येतात.

कायदा नाही असे नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाला दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घालून दिली होती. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. आठ तासांचे तत्त्व तिथेही आहे. साठ वर्षांहून जास्त काळ हा नियम पुस्तकात आहे, पण आमच्या टेबलासमोर बसलेल्या एकाही मालकाने आम्हाला त्याविषयी कधी विचारले नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, हे चांगले झाले. पंचेचाळीस अंशांत बारा तास भट्टीत बसलेला माणूस सावध कसा राहणार? पण जुन्या ट्रकमध्ये बसणाऱ्या लाखोंना त्याचा उपयोग नाही. नव्या न्याय संहितेतल्या पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांच्या कैदेच्या तरतुदीवरून जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी संप केला, पेट्रोलपंपांवर आपण रांगा लावल्या, आणि ते कलम अजून लागू झालेले नाही. शिक्षेवर देशभर चर्चा झाली. झोपेवर झाली नाही.

आपल्या मागण्या थोड्या आणि मोजक्या असाव्यात. एक: इंदूर ते बिजासन घाट या रस्त्यावर चालकांना गाडी सुरक्षित उभी करून झोपता, आंघोळ करता येईल अशी पुरेशी विश्रांतिस्थाने. दोन: घाटमाथ्यावर अवजड गाड्यांची सक्तीची थांबून तपासणी. तीन: शाळेच्या प्रत्येक गाडीची वर्षातून दोनदा तपासणी आणि तिचा अहवाल पालकांना पाहता यावा. चार: शहरातल्या प्रवेशबंदीच्या वेळा कागदावर नव्हे, चौकात पाळल्या जाव्यात.

पहिल्या मागणीवर एक शब्द. धामनोदपासून महेश्वर जवळच आहे. आपल्या देवी अहल्याबाईंनी तिथून राज्य केले, आणि देशभर यात्रेच्या वाटांवर विहिरी, घाट, धर्मशाळा बांधल्या. वाटसरूला पाणी आणि पाठ टेकायला जागा देणे हे राज्यकर्त्याचे काम आहे, हे त्यांना अडीचशे वर्षांपूर्वी कळले होते. आजचा वाटसरू ट्रकचा चालक आहे. त्यांचे नाव आपण विमानतळाला, विद्यापीठाला दिले. त्यांचे काम रस्त्यावर करायला सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे.

आणि योगायोग पाहा. आपल्या शेजारच्या पिथमपुरात ट्रक बनतात, ज्या ट्रॅव्हलरने आपण देवदर्शनाला जातो तीही तिथे बनते. २०२१ पासून तिथे गाड्यांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा ट्रॅक आहे. गाडी किती पळते ते मोजायची सोय आपल्या दारात आहे. चालक किती दमला, ते मोजायचे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल.

शेवटी, आजपासूनच करता येईल असे एक काम. गणपती, नवरात्र, दिवाळीच्या सुट्ट्या आल्या की आपण रात्री दहाला शिर्डीची गाडी ठरवतो, पहाटेच्या काकड आरतीला पोहोचायचे, दर्शन, शनि शिंगणापूर, आणि त्याच रात्री परत. सगळे मागे झोपतात. चालक एकटा जागा असतो, आणि आपण दर्शनाला रांगेत असताना तो गाडीत उन्हात बसलेला असतो. पुढच्या वेळी गाडी ठरवताना पाच प्रश्न विचारा. चालक काल रात्री कुठे होता? परतीला दुसरा चालक आहे का? टायर कधी बदलले? प्रत्येक आसनाला पट्टा आहे का? फिटनेस आणि विमा कधीपर्यंतचा? उत्तर देताना मालक अडखळला तर गाडी घेऊ नका. चारशे-पाचशे रुपये जास्त लागले तर ते देवाला वाहिले असे समजा. आणि शक्य असेल तर रात्री मुक्काम करा, चालकालाही एक खाट द्या. देव पहाटेच भेटतो असे कुठे लिहिलेले नाही.

रस्त्यावर कोणी जखमी दिसला तर थांबा. मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये असे कायदा सांगतो. २०२५ च्या योजनेप्रमाणे जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचार मिळू शकतात. पहिला तास हातचा जाऊ देऊ नका.

मंडळी, आमचे पूर्वज होळकर दरबारात कारकुनी करत. आम्हीही कारकुनीच करतो. कारकुनाचा धर्म एकच, हिशेबात कुठलीही बाब सुटू द्यायची नाही. आमच्याकडून एकदा एक बाब सुटली. म्हणजे सुटली नाही, आम्हीच ती खोडली. त्या चालकाला दोन लहान मुले होती. आता ती मोठी झाली असतील. त्यांतला एखादा कदाचित आज कुठे गाडी चालवत असेल. तो ज्या मालकाकडे असेल, त्या मालकाच्या कागदावर दुसऱ्या चालकाचा पगार लिहिलेला असू दे, एवढेच मागणे.

मालक, प्रवासी, पालक, मतदार, या चारही नात्यांनी आपण या चार मागण्यांचा ठराव आज संमत करावा आणि आमदार-खासदारांना, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत, मंडळाच्या शिक्क्यानिशी पाठवावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.